शोभेचा दिवा

दिवाळीत न पेटणारी पणती कुणी उंबरठ्यावर ठेवीत नाही. मग सायकलीला न पेटणारा दिवा लावण्याची नवी चाल निघाली कुठून? जुन्या सायकलींचे वेड वाढले आहे; वाढो बापडे! पण दिवा पितळेचा, चकचकीत, आणि त्याची तार मात्र कापलेली. डायनामो आहे, पण त्याची चाकी टायरपासून दोन बोटे दूर! याला हौस म्हणावी की सोंग?

‘‘मास्तर, नटवणे पूर्वीही होतेच की,’’ असे कुणी म्हणेल. होते. मुठींना प्लॅस्टिकचे गोंडे, सीटला मखमली अभ्रा, हबाभोवती रंगीत केसाळ कडे. पण ते कडे फिरता फिरता हब पुसून काढी! दिव्याचेही तेच. रॉकेलचा गेला, पाण्याच्या थेंबांनी गॅस करणारा कार्बाइडचा आला, मग डायनामो आला. फॅशन बदलली, पण काम सुटले नाही.

डायनामो बसवणे ही काही जादू नव्हे. त्याच्या आसाची रेघ मनाने लांबवावी. ती चाकाच्या मध्यातून गेली पाहिजे. तिरका बसला की तो टायर खातो. परतीची तार बहुधा नसते. ते काम सायकलीचा सांगाडाच करतो. म्हणून पट्टीच्या स्क्रूखालचा रंग खरवडून धातूला धातू भिडवावा आणि मग वरून ग्रीस लावावे. जी हवा आमच्या उत्तनला बोंबील वाळवते, तीच लोखंडही खाते! जुन्या इंग्रजी बोल्टांचे आटे निराळे. त्यांवर आजचा मेट्रिक नट पान्याने रेटू नये. चाक थांबले की डायनामोचा दिवा विझतो, तेव्हा मागे तांबडा रिफ्लेक्टर हवाच. डायनामो सुधारण्यापलीकडे गेला असेल, तर त्याच दिव्याच्या पोटात बॅटरीवरचा एलईडी बसवावा. जुनेपण त्याने बाटत नाही.

पुण्यात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली सायकलींचे संग्रहालय उघडले. तिथे जुन्या सायकली विश्रांती घेतात, त्यांना माझा नमस्कार. रस्त्यावर आलेली सायकल मात्र विश्रांतीला आलेली नसते. शाळा सुटल्यावर काळोखात उत्तनहून डोंगरीकडे निघालेल्या पोराला समोरचा ट्रकवाला दिव्याचे साल विचारणार नाही. त्याला पोर दिसले पाहिजे, एवढेच.

तेव्हा बाबांनो, या दिवाळीत आकाशकंदिलाची तार जोडाल, तेव्हा सायकलीच्या दिव्याचीही जोडा.