प्रमाणपत्र मिळालं, पुढे काय?

कोकणासाठी निधी जमवायचा विषय निघाला, की 'किनाऱ्यावरच्या महिलांना प्रशिक्षण देऊया' ही सूचना आपल्या मंडळात हमखास येते. पण वर्सोव्याच्या किंवा हर्णैच्या कोळणीला मासे सुकवायला आपण काय शिकवणार? बोंबील, सोडे, जवळा तिच्या घरातलंच काम. कोळंबीचं लोणचं, माशांचे कटलेट शिकवायला रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय आहे, आणि ते चांगलंच आहे. अडतं ते पुढे. वाळूवर सुकवलेला जवळा कचकचतो, अवकाळी पाऊस अख्खी वाळवण नासवतो, बरणीवर एफएसएसएआयचा क्रमांक लागतो. इथे अमेरिकेत विकायचं तर १९९७पासून 'हॅसॅप'चे नियम. म्हणून तिची सुकट आपल्या बॅगेतून येते, दुकानात नाही.

शेवाळाचंही तेच. रामेश्वरमकडच्या बायका बुड्या मारून ते काढतात, सुकवून विकतात. त्याचं अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, बनतं कारखान्यात.

केंद्राच्या २०२०च्या मत्स्यसंपदा योजनेत महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. उरलेले ४० टक्के तिने कुठून आणायचे? यंदा मंडळाने एका बचत गटाचा तेवढा वाटा उचलावा: सौर ड्रायर, पॅकिंग, मालाची तपासणी. आयात-निर्यातीत असलेल्या आपल्या मंडळींनी कागदपत्रांचं बघावं. लोणचं संपवायला आम्ही आहोतच.