खवट लोणी कढवू नका!

मैत्रिणींनो, आमच्या बोरिवलीच्या दमट हवेत लोणी बाहेर फार टिकत नाही. तरी ‘कढवलं की चालतं’ म्हणत खवट लोण्याचंही तूप केलं जातं. मला हे मुळीच पटत नाही. खवटपणा स्निग्धांशातच मुरतो, तो तुपातही उतरतो. विकतच्या बटरमध्ये ३ टक्क्यांपर्यंत मीठ असू शकतं, म्हणून ते जास्त टिकतं. घरच्या लोण्यात मीठ नसतं, ताकाचा अंश मात्र राहतो. तेव्हा नितळ पाणी येईपर्यंत लोणी धुवा, झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत कढवा. वास उग्र, चव कडवट किंवा वर बुरशी दिसली, तर नुसतं वरचं खरवडू नका, सगळंच टाका. जीव हळहळतो खरा. पण मुलांच्या पोटापेक्षा वाटीभर लोणी मोलाचं आहे का?