निळा पडदा आणि एकविसावा रकाना

19 जुलै 2024 चा शुक्रवार बहुतेकांना आठवत असेल. विमानतळांवरच्या फलकांवर विमानांच्या वेळांऐवजी निळा पडदा, काउंटरसमोर लांबच लांब रांगा, आणि हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. इंडिगो, आकासा, स्पाइसजेट या गोव्यात नेहमी दिसणाऱ्या कंपन्यांना त्या दिवशी वही-पेनावर यावे लागले. एकट्या इंडिगोनेच जवळपास 200 उड्डाणे रद्द केली. दाबोळी वास्कोच्या उंबरठ्यावर आणि मोपा पेडण्यात. आपल्यातल्या अनेक घरांची रोजीरोटी या दोन विमानतळांशी बांधलेली असल्याने त्या दिवसाची चर्चा आपल्याकडे बरीच झाली. मात्र ‘मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर बंद पडला’ एवढ्यावरच ती संपली. प्रत्यक्षात घडले ते वेगळे होते.

आधी एक गुंता सोडवू. आदल्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या अझुर या क्लाउड सेवेच्या अमेरिकेच्या मध्य भागातील केंद्रात बिघाड झाला होता. तो वेगळा. जगभर संगणक निळे पडले ते क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीच्या एका फाइलमुळे. दोन्ही गोष्टी पाठोपाठ आल्या, म्हणून बातम्यांत एकत्र झाल्या. बिघाडाचे निदान करताना पहिला नियम हाच असतो की एका वेळी झालेल्या दोन गोष्टींना एकच कारण आहे असे धरून चालू नये.

क्राउडस्ट्राइकचे ‘फाल्कन’ हे सॉफ्टवेअर विमान कंपन्या, बँका, इस्पितळे आपल्या संगणकांवर बसवतात. ते विंडोजच्या कर्नेलमध्ये बसून पहारा करते. कर्नेल हा शब्द आपल्याला नवा नाही. काजूचा गर म्हणजेच इंग्रजीत कर्नेल. टरफलाच्या आत जपलेला, संगणकाची मेमरी, डिस्क, कीबोर्ड सगळे सांभाळणारा हा गाभा. बाहेरचा एखादा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो, बाकी काम चालू राहते. कर्नेलमध्ये चूक झाली तर विंडोज स्वतःच मशीन थांबवते, कारण गाभ्यातली मेमरी बिघडली असताना पुढे जाणे म्हणजे तुमच्या फाइलींवर पाणी सोडणे. निळा पडदा हा बिघाड नव्हे, बिघाड लक्षात आल्यावर ओढलेला ब्रेक आहे. लोक शिव्या घालतात त्या ब्रेकला.

त्या सकाळी भारतीय वेळेनुसार 9 वाजून 39 मिनिटांनी ‘चॅनल फाइल 291’ नावाची एक छोटी फाइल पाठवली गेली. हल्लेखोरांची नवी चाल ओळखण्यासाठीचे नियम तिच्यात होते. 10 वाजून 57 मिनिटांनी कंपनीने ती मागे घेतली. मधल्या 78 मिनिटांत जे विंडोज संगणक चालू आणि जोडलेले होते तेच सापडले. अकरानंतर संगणक लावणारी कार्यालये वाचली, आणि उशिरा उघडण्याचा असा फायदा आजवर कोणी अनुभवला नसेल. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख मशीन बंद पडली. जगातल्या विंडोज मशीनच्या एक टक्क्याहूनही हा आकडा कमी. पण ती मशीन नेमकी काउंटरवरची, बँकेची, इस्पितळाची होती.

फाइल मागे घेऊनही संकट टळले नाही, कारण पडलेले मशीन पुन्हा सुरू होताना कर्नेल तीच फाइल वाचून पुन्हा पडत होते. इंटरनेटवरून दुरुस्ती पोचण्याआधीच मशीन आडवे. म्हणून माणसाने प्रत्येक मशीनसमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, ती एक फाइल पुसायची. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर 48 आकड्यांची चावी टाकायची, आणि ती चावी ठेवलेला सर्व्हरही काही ठिकाणी निळाच.

कारण काय? पहिल्या दोन दिवसांत समाजमाध्यमांवर खात्रीने सांगितले गेले की ती फाइल नुसत्या शून्यांनी भरलेली होती. क्राउडस्ट्राइकने ते नाकारले. खरे कारण कोसळताना साठवल्या जाणाऱ्या मेमरीच्या प्रतीतून, म्हणजे क्रॅश डंपमधून दिसले. कोणती सूचना चालू होती आणि ती मेमरीच्या कुठल्या पत्त्यावर गेली हे त्यात लिहिलेले असते. 6 ऑगस्टला कंपनीने सविस्तर अहवाल दिला.

त्यातली गोष्ट मामलेदार कचेरीत समजण्यासारखी आहे. नव्या प्रकारच्या नियमांसाठी 21 रकान्यांचा नमुना ठरला होता. पण फाल्कनचा जो भाग माहिती पुरवत होता तो 20 च रकाने भरत होता. फेब्रुवारी 2024 मध्ये हे सॉफ्टवेअर बाहेर पडले, तेव्हापासून ही तफावत होती. मग जुलैपर्यंत काही कसे झाले नाही? कारण तोवरच्या प्रत्येक नियमात एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे होते. काहीही चालेल म्हटल्यावर तो रकाना उघडून कोण बघतो? 19 जुलैच्या फाइलमध्ये प्रथमच तिथे नेमकी अट आली. कर्नेलमधला कोड एकविसावा कागद घ्यायला गेला, तिथे काहीच ठेवलेले नव्हते, भलत्याच पत्त्यावर त्याने हात घातला, आणि मशीन थांबले.

चाचण्या झाल्या होत्या. आपोआप चालणाऱ्या होत्या, ताण देणाऱ्याही होत्या. पण चाचणीच्या नमुन्यांतही एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’च होते. फाइल तपासणारा वेगळा प्रोग्रामही होता. तो 21 रकाने येणार असे गृहीत धरून तपासत होता, म्हणून त्याने ‘ठीक’ म्हटले.

कर्नेलचे बिघाड शोधणारी मंडळी जाणतात की हद्दीबाहेर वाचण्याची चूक फार लबाड असते. बहुतेक वेळा शेजारी काहीतरी पडलेले असते, ते वाचले जाते, आणि मशीन चालूच राहते. महिन्यातून एकदा पडते, तेही चाचणी यंत्रावर रात्री तीनला. मग तोच अपघात पुन्हा घडवून आणायचा, हेच निम्मे काम. लिनक्सच्या जगात यासाठी गुगलचे ‘सिझकॉलर’ आहे; ते रात्रंदिवस कर्नेलला उलटसुलट हाका मारत राहते आणि ते पडले की कोणत्या हाकांनी पडले ते कमीत कमी ओळींत काढून देते. मेमरीच्या प्रत्येक तुकड्याभोवती निषिद्ध पट्टा आखून चोरपावली केलेले वाचनही पकडणारी ‘केसॅन’ ही सोय आहे. शेवटचे चांगले आणि पहिले वाईट रूप माहीत असले की मधल्या हजार बदलांतून दोषी बदल अर्धे-अर्धे करत दहा फेऱ्यांत सापडतो.

क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत यातले काही लागतच नव्हते, आणि मला राग येतो तो यासाठी. ही चूक लबाड नव्हती. मशीन सुरू केले, फाइल वाचली की पडणार. एका खऱ्या विंडोज मशीनवर ती फाइल टाकून पाच मिनिटे थांबले असते तरी पुरे होते. पण या फाइली ‘कोड’ नव्हेत, नुसती ‘माहिती’ आहे, म्हणून त्या सगळ्यांकडे एकाच वेळी जात होत्या. आधी थोड्यांना, मग बाकीच्यांना ही रीत कोडसाठी होती, माहितीसाठी नव्हती. या घटनेनंतर ती आणली गेली. रकाने मोजण्याची तपासणीही तेव्हाच बसली.

आपल्या सभासदांची कितीतरी मुले पुण्या-बंगळुरूला ‘टेस्टिंग’मध्ये आहेत. ‘अजून टेस्टिंगच का? डेव्हलपमेंटला कधी घेणार?’ हा प्रश्न चतुर्थीला घरी आल्यावर त्यांना हमखास विचारला जातो. एकविसाव्या रकान्यात नेमकी अट घालून पाहणारा माणूस त्या कंपनीत असता तर अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीची सुमारे 7000 उड्डाणे वाचली असती. डेल्टाने आपले नुकसान 50 कोटी डॉलर सांगितले आणि ऑक्टोबर 2024 मध्ये दावा ठोकला.

आपल्या देशाला तुलनेने कमी फटका बसला. रिझर्व्ह बँकेने 10 बँका व वित्तसंस्थांत किरकोळ अडथळे आल्याचे सांगितले, सरकारी एनआयसीचे जाळे सुरळीत राहिले. याचे श्रेय दूरदृष्टीला देणे मला धाडसाचे वाटते. आपल्याकडे हे महागडे सॉफ्टवेअर कमी ठिकाणी होते इतकेच. विमान कंपन्यांना हाताने पास लिहिता आले कारण ते येणारे कर्मचारी अजून नोकरीत होते. काउंटर कमी करून यंत्रे वाढवण्याच्या या काळात पुढच्या वेळी किती हात मिळतील, हे दोन्ही विमानतळांच्या व्यवस्थापनांना विचारायला हवे.

मायक्रोसॉफ्टने 2025 च्या उन्हाळ्यात दोन बदल जाहीर केले. न उठणाऱ्या मशीनला दुरून दुरुस्ती पोचवण्याची सोय विंडोज 11 मध्ये आणली, आणि सुरक्षा कंपन्यांना कर्नेलच्या बाहेरून पहारा करता यावा यासाठी नवी रचना त्यांच्या हाती चाचणीसाठी द्यायला घेतली. जुनी मशीन बदलेपर्यंत पहारेकरी गाभ्यातच राहतील. तिसरा बदल दिसायला सोपा: निळा पडदा जाऊन आता काळा आला आहे.