तारवावरील विद्यार्थी

वैशाखांतील रात्रीं मुंबईच्या जवळजवळ माथ्यावरून जाणारी स्वाती आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं गच्चीवरून पाहिली असेल. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटें याच अक्षांशांच्या आसपास असल्यामुळें तेथेंही ती डोक्यावरच येते. तेथील लोक तिला होकूलेआ, म्हणजे आनंदाची तारका, म्हणतात. ह्याच नांवाचें एक जोडतारूं तेथील कांहीं मंडळींनीं १९७५ सालीं पाण्यांत लोटलें. आपले पूर्वज वाऱ्याबरोबर भरकटत, केवळ योगायोगानें ह्या बेटांवर येऊन पडले, असें जे कित्येक पंडित म्हणत, त्यांस होकायंत्रावांचून ताहितीपर्यंत जाऊन दाखवावें, हा त्यांचा हेतु. अंतर सुमारें २,५०० मैल. अडचण एवढीच कीं, ताऱ्यांवरून व लाटांवरून वाट काढणारा जुन्या विद्येचा मनुष्य हवाईंत उरला नव्हता. तो दूर पश्चिमेस, कॅरोलाइन द्वीपसमूहांतील सतावल नांवाच्या चिमुकल्या बेटावर सांपडला. त्याचें नांव मौ पियाइलुग. त्याच्या आजोबांनीं त्याला तान्हेपणींच किनाऱ्यावरील डबक्यांत ठेवून समुद्राचे हेलकावे ओळखावयास लाविलें होतें. आमच्याकडे धुळाक्षरें पांचव्या वर्षीं. तेथें त्याहूनही आधीं!

१९७६ च्या मे महिन्यांत तारूं निघालें आणि महिन्याभरानें ताहितीस सुखरूप पोहोंचलें. जगानें वाहवा केली. परंतु आंतील हकीकत तितकी गोड नाहीं. मंडळींत पुष्कळ जण नवखे होते. लाटांवर खेळण्यांत ते तरबेज खरे. पण ६२ फुटी तारवावर, ओल्या अंथरुणांत, ठरलेल्या पाळ्या सांभाळून आणि मोजक्या पाण्यावर महिना काढण्याची संवय त्यांस नव्हती. कुरबुरी झाल्या, त्यांचीं भांडणें झालीं, शेवटीं गोष्ट हातघाईवर आली. नवख्या खलाशाला वाऱ्यापेक्षां शेजारचा मनुष्य अधिक जड जातो, असें आम्हांस वाटतें. एकत्र कुटुंबांतील आमच्या वाचकांस हें निराळें समजावून सांगावयास नकोच. घर कितीही लहान असलें तरी राग आला म्हणजे अंगणांत जाऊन बसतां येतें. तारवास अंगण नसतें. हा प्रकार पाहून विटलेला मौ ताहितीहूनच आपल्या बेटाकडे निघून गेला.

१९७८ च्या मार्चांत त्याच्यावांचून पुन्हां निघण्याचें साहस झालें. पहिल्याच रात्रीं तारूं उलटलें. मदत आणावयास एडी आइकाउ नांवाचा तरुण आपल्या फळीवरून एकटाच निघाला; इतर वांचले, तो मात्र कधींच परत आला नाहीं.

त्या उलटलेल्या तारवावर नाइनोआ टॉम्सन हाही होता. वय पंचवीस. होनोलुलूच्या तारांगणांत बसून त्यानें ताऱ्यांचे उदयास्त वह्यांत उतरून घेतले होते. पण एवढ्यानें भागत नाहीं हें आतां त्यास पुरें कळलें. दुसऱ्या वर्षीं तो मौकडे गेला. ही विद्या परक्यास द्यावयाची नाहीं असा सतावलचा शिरस्ता. तथापि आपल्याच बेटावरील तरुण ती शिकेनासे झाले आहेत हें मौला दिसत होतें. त्यानें होकार दिला.

१९८० सालीं नाइनोआनें तारूं हांकलें. गुरु बरोबर होता, पण नुसता बसून. रात्रंदिवस तो शिष्याकडे पाहत होता आणि वाटेसंबंधानें अवाक्षर काढीत नव्हता. ज्यांनीं चार मुलांस गणित घातलें आहे त्यांस ह्याचें मोल कळेल. मुलगा फळ्यापाशीं तिसऱ्या पायरीवर अडला म्हणजे खडू आपल्या हातीं घेण्याचा मोह आवरत नाहीं. येथें तर चुकीचें उत्तर म्हणजे सर्वांचे प्राण.

प्रवासाच्या अखेरीस एका सकाळीं एक पक्षी उडतांना दिसला. पक्षी सकाळीं जमिनीवरून समुद्राकडे जातात आणि सायंकाळीं परततात, हा नियम नाइनोआस पाठ होता. तेव्हां पक्षी ज्या दिशेकडून आला त्या दिशेस बेट असणार, असा हिशेब करून त्यानें तारूं उलट वळविलें. हिशेब निर्दोष होता. त्या वेळीं मौ उठला आणि त्यानें पक्ष्याच्या मागें जाण्यास सांगितलें. कारण सांगितलें नाहीं, शिष्यानें विचारलेंही नाहीं. कांहीं वेळानें तुआमोतू समूहांतील बेट समोर दिसूं लागलें. मग मौनें उलगडा केला: पक्ष्याच्या चोंचींत मासा होता. दिवस पिलांचे होते. तो घरट्याकडेच चालला होता. दोघांनींही एकच पक्षी पाहिला होता.

पुढें २००७ सालीं होकूलेआ सतावलास गेली. तेथें मौनें नाइनोआसह पांच हवाईवासीयांस नाविकाचार्यपदाची दीक्षा दिली. त्या बेटावर हा विधि कित्येक दशकांत झाला नव्हता. हवाईच्या मंडळींनीं एक नवें जोडतारूं बांधून गुरुदक्षिणा म्हणून त्यास अर्पण केलें. त्याचें नांव आलिंगानो माइसू. वाऱ्यानें झाडावरून पडलेल्या पिकल्या नीरफणसास तिकडे माइसू म्हणतात. आणि असें फळ ज्यास सांपडेल त्यानें खुशाल उचलून न्यावें, अशी तेथील रीत आहे.