पंचनाम्यापूर्वीचे नियोजन

आत्महत्या घडल्यानंतर शासकीय यंत्रणेची प्रत्येक पायरी ठरलेली असते. पोलीस पंचनामा करतात, शवविच्छेदन होते आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात एका आकड्याची भर पडते. मृत व्यक्ती शेतकरी असेल, तर महाराष्ट्रात जिल्हास्तरीय समिती ते प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते आणि २००६च्या शासननिर्णयानुसार पात्र कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. हे साहाय्य आवश्यकच आहे. परंतु माणूस जिवंत असताना ज्याची दखल कोणत्याही कचेरीने घेतली नाही, त्याची नोंद मृत्यूनंतर व्हावी, हे कल्याणकारी राज्याला भूषणावह नाही.

म्हणूनच केंद्र शासनाने २१ नोव्हेंबर २०२२ रोजी जाहीर केलेले राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण महत्त्वाचे ठरते. असे धोरण देशात प्रथमच आखले गेले. २०२०च्या तुलनेत २०३०पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू १० टक्क्यांनी घटविणे हे त्याचे उद्दिष्ट. त्यासाठी तीन वर्षांत नोंद व देखरेखीची यंत्रणा, पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आणि आठ वर्षांत सर्व शिक्षणसंस्थांमध्ये मानसिक स्वास्थ्याचा अभ्यासक्रम, असे टप्पे त्यात आखून दिले आहेत. तत्पूर्वी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार नव्हे, तर तीव्र तणावाने ग्रासलेली व्यक्ती मानले आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरविले. दिशा योग्य आहे, यात शंका नाही.

प्रश्न गतीचा आहे. २०२०मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्या नोंदल्या गेल्या. २०२२मध्ये हा आकडा १,७०,९२४ झाला. त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. ही वाढ धोरणापूर्वीची असल्याने तिचा दोष धोरणाला देता येणार नाही. मात्र घट साधायची तर आधी ही चढण उतरावी लागेल. पहिल्या टप्प्याची तीन वर्षांची मुदत नोव्हेंबर २०२५मध्ये संपली. रस्ते आणि पाणीयोजनांचा जाब विचारणाऱ्या लोकप्रतिनिधींनी आपल्या जिल्ह्यातील या यंत्रणेचाही हिशेब मागितला पाहिजे. नियोजनाने जीव वाचतात, हे शेजारच्या श्रीलंकेने दाखवून दिले आहे. अतिविषारी कीटकनाशकांवर तेथे टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि दोन दशकांत आत्महत्यांचा दर निम्म्याहून अधिक खाली आला.

तथापि, सारा भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. २०२२च्या अहवालात आत्महत्येच्या कारणांत कौटुंबिक समस्या अग्रस्थानी आहेत, ३१.७ टक्के, त्याखालोखाल आजारपण, १८.४ टक्के. ही कारणे मंत्रालयात नव्हे, घरात प्रथम दिसतात. एकत्र कुटुंबाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजात एखादा मुलगा निकालाच्या दिवशी, एखादी सून वर्षानुवर्षे, एखादा वृद्ध पिता दुखण्यात एकाकी असेल, तर त्या अभिमानाला अर्थ उरत नाही. मनाचा आजार लपविण्यासारखा नाही, हे आपल्याच घरात प्रथम मान्य व्हायला हवे.

गावोगावी संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांना येथे मोठे काम आहे. कोण अबोल झाला, कोणाच्या दारी सावकाराच्या फेऱ्या वाढल्या, हे त्यांना सर्वांआधी कळते. अशा माणसाजवळ बसावे, उपदेश न करता ऐकावे, त्याला डॉक्टरांकडे घेऊन जावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जावा. धोरण शासनाने आखले आहे. ते उंबरठ्यापर्यंत पोहोचविण्याचे दायित्व आपले आहे.