बास्गोचा वेढा अजून उठलेला नाही

लेहहून श्रीनगरच्या रस्त्याला चाळीसेक किलोमीटरवर बास्गो आहे. गाडीतून कितीदा पाहिलं होतं. परवा सुट्टीच्या दिवशी वर चढून गेलो. आपल्या गडांसारखा काळा कातळ इथं नाही. कच्च्या विटा आणि मातीचा गिलावा. निम्म्या भिंती तर पुन्हा डोंगरात विरघळल्यात.

याच मातीनं १६८० नंतर तिबेटी-मंगोल फौजेचा सुमारे तीन वर्षांचा वेढा सोसला. काश्मिरातून मुघलांची कुमक आली तेव्हा कुठे तो उठला. फौजी माणूस असा किल्ला बघताना आधी पाणी आणि दाणागोटा यांचा हिशेब करतो. मीही केला.

शत्रूला जमलं नाही ते पावसानं आणि दुर्लक्षानं केलं. तटबंदी ढासळली, पण आतली मैत्रेय बुद्धाची मंदिरं उभी आहेत. ती वाचवली गावकऱ्यांनी. त्यांनी समिती केली, जाणकार बोलावले आणि स्वतः राबले. २००७ साली युनेस्कोनं या कामाला आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार दिला.

आपण सुट्टीत गडावर जातो, जयघोष करतो, फोटो काढतो आणि उतरतो. माझं स्पष्ट मत आहे, गड जयघोषानं टिकत नाही. पायथ्याच्या गावानं तो आपला मानला तरच टिकतो. पेन्शनवर गावी परतलेल्या माझ्या माजी सैनिक बांधवांनो, शिस्त आपल्याकडे आहे, आता वेळही आहे. पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा, गावातली दहा पोरं जमवा आणि गडावरच्या एका टाक्यापासून सुरुवात करा.