वजाबाकी वैमानिकाची

विद्यार्थी मित्रांनो, एक सोपे उदाहरण सोडवा. ३० मधून उणे ६ वजा केले तर किती उरतील? माझ्या अकरावीच्या वर्गात दरवर्षी काही जण चटकन '२४' म्हणतात. बरोबर उत्तर ३६ आहे. परीक्षेत या चुकीने एक गुण जातो. धावपट्टीवर काय जाईल ते पाहू.

विमानाला उचलून धरणारे बल हवेच्या घनतेवर अवलंबून असते आणि घनता तर रोज बदलते. म्हणून तुलनेसाठी एक 'प्रमाण वातावरण' ठरविले आहे. त्यात समुद्रसपाटीवर तापमान १५ अंश सेल्सिअस व दाब १०१३.२५ मिलिबार धरतात. तेथून ११ किलोमीटर उंचीपर्यंत दर १००० मीटरला तापमान ६.५ अंशांनी उतरते, असे मानतात. प्रत्यक्ष तापमानातून त्या उंचीचे प्रमाण तापमान वजा केले की मिळते ते 'विचलन'.

लेहचा विमानतळ सुमारे ३२५० मीटर उंचीवर आहे. ६.५ ला ३.२५ ने गुणले की सुमारे २१ येतात. म्हणून तेथील प्रमाण तापमान १५ वजा २१, म्हणजे उणे ६ अंश. उन्हाळ्यात दुपारी पारा ३० वर गेला, तर विचलन अधिक ३६! विचलनाच्या प्रत्येक अंशामागे विमानाला आपण सुमारे ३६ मीटर अधिक उंचीवर असल्यासारखे 'वाटते'. दाब प्रमाणाइतकाच असला तरी लेहची धावपट्टी अशा दुपारी साडेचार हजार मीटरवर असल्यासारखी होते. हवा विरळ, म्हणून धाव लांब आणि पेलता येणारे वजन कमी. जुलै २०२४ मध्ये तापमान वाढल्यामुळे लेहची काही उड्डाणे रद्द करावी लागली, ती याच कारणाने. २४ म्हणणाऱ्याचा हिशेब मात्र ४०० मीटरांहून अधिक चुकला!

उलट, विचलन उणे असेल तर थंड हवेचा स्तंभ आखडतो. मग उंचीमापक दाखवतो त्यापेक्षा विमान खाली असते. दर १० अंशांमागे ही तफावत सुमारे ४ टक्के. डोंगराळ मुलखात ती जीवघेणी ठरू शकते.

आता माझे म्हणणे सांगतो. आपण शाळेत प्रमाण आकडे पाठ करतो आणि निसर्गाने ते पाळलेच पाहिजेत असे समजून बसतो. १५ अंशांचा हा आकडा मध्य अक्षांशांच्या सरासरीवरून घेतलेला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर भर दुपारी तो कधी दिसणार? म्हणून तो खोटा ठरत नाही. प्रमाण ही मोजपट्टी आहे. पट्टीशी वस्तू जुळली नाही म्हणून आपण पट्टी फेकत नाही किंवा वस्तू कापत नाही; फरक मोजतो. खरी माहिती त्या फरकातच असते.

शिक्षकांना विनंती अशी, की हा पाठ फळ्यावर संपवू नका. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची बहुधा लिहिलेली असते. मुलांना ती टिपून आणू द्या, सावलीत तापमापक टांगू द्या आणि महिनाभर आपल्या गावाचे विचलन काढू द्या. खर्च एका तापमापकाचा.

आणि मित्रांनो, उत्तर लिहिताना त्यापुढचे अधिक-उणे चिन्ह विसरू नका. वैमानिकाला ते विसरून चालत नाही.